वहिनी, सुईला टोपण नको

वहिनी, काल तुझ्या तेराव्याला मी जेवण अळणी केलं.

मुद्दाम. जन्मभर लोकांच्या लग्नात मीठ घालत आलो, पण तुझ्या पोटात पाणी साठायला लागलं आणि तू ह्या घरातलं मीठ बंद केलंस. स्वतःचं केलंस ते ठीक, माझंही केलंस. "मी अळणी गिळायचं आणि तुम्ही समोर बसून सुकट चावायची? लाज वाटत नाही, भावोजी?" म्हणून काल सगळ्या गोतावळ्याला तुझं पथ्य वाढलं. काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, भात, वरण, सगळं सपक. माणसं घास तोंडात धरून एकमेकांकडे बघत होती. शेवटी चेंबूरची आक्का, माझी थोरली बहीण आणि तुझी लाडकी नणंद, मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, मीठ राहिलं."

म्हटलं, "राहिलं नाही. वहिनी घेऊन गेली."

डोळ्याला पदर लावला तिने. तिला वाटलं मी दुःखात बोलतोय. मी सूड घेत होतो, तुझ्या वतीने. तू असतीस तर म्हणाली असतीस, "एवढ्याने काय होतंय? खिरीत एरंडेल घालायचं."

तुझ्याइतकी दुष्ट बाई मी पाहिलेली नाही. मी केटरर माणूस, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत हजारो लग्नांत जेवणावळी घातल्या, विहिणी पाहिल्या, मानापानासाठी पेटलेल्या सासवा पाहिल्या. एका विहिणीने तर गरम जिलबी फेकून नवरदेवाच्या भावाचा दात पाडला होता. त्या सगळ्या तुझ्यापुढे गरीब गायी. एवढ्या बाया पाहून माझं स्वतःचं लग्न राहूनच गेलं, आणि आई आणि दादा गेल्यावर कांदिवलीच्या ह्या दोन खोल्यांत उरलो कोण, तर तू आणि मी. बिल्डिंगमधली माणसं कुजबुजली. तू जिन्यात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "भावोजींबरोबर माझं नाव जोडताय? माझी आवड एवढी वाईट नाही." कुजबुज जागच्या जागी मेली. मी आठवडाभर लिफ्टने गेलो नाही, लोक तोंड बघून हसायचे.

माझ्या गोष्टींचाही तू मुडदा पाडायचीस. घाटकोपरच्या लग्नात नवरीचा मामा बासुंदीच्या टोपात पडला, आम्ही दोर टाकला तर वर येईना, कारण आत पीत बसला होता, ही माझी सोन्यासारखी गोष्ट. पाहुण्यांना सांगायला घेतली की तू आतून ओरडणार, "मागच्या वेळी काका पडला होता!" अगं, मामा काय, काका काय, बासुंदी तर खरी होती ना!

पण आपलं खरं भांडण गोष्टींवरून नव्हतं. भांडण होतं झाकणावरून.

माझा सगळा धंदाच झाकणाचा. माझ्या वस्तादाने मला मारून मारून एकच गोष्ट शिकवली होती: उघडं राहिलं ते गेलं. भाताचं पातेलं, श्रीखंडाचा डबा, तेलाची कढई, ज्याला तोंड आहे त्याच्यावर झाकण. आता हात आपसूक चालतो. मी दुसऱ्यांच्या घरी गेलो तरी त्यांची भांडी झाकून येतो. आणि तुझ्या नर्सिंगमध्ये नेमकी एक गोष्ट अशी, की जिच्यावर झाकण लावायचं नाही. वापरलेली सुई.

तुझ्या इन्सुलिनची जबाबदारी माझ्याकडे आली, कारण तुझे हात थरथरायला लागले होते, तेव्हा पहिल्याच दिवशी मी सुई टोचली, काढली आणि सवयीने टोपण शोधायला लागलो. तू माझ्या मनगटावर चमचा मारलास. स्टीलचा. "मेल्या, टोपण कित्याक लावतंस?" एरवी मी तुझा भावोजी, तुम्ही-आम्ही. चिडलीस की मेल्या, आणि फारच चिडलीस की माहेरची मालवणी.

"अगं, उघडी सुई घरात ठेवायची?"

"घरात नाही. डब्यात. टोचली, काढली, सरळ डब्यात. मध्ये कुठे थांबायचं नाही. ट्रेमध्ये नाही, टेबलावर नाही, तुमच्या कानावर तर नाहीच."

तो डबा मी विसरणार नाही. फरशी पुसायच्या औषधाचा जाड पांढरा कॅन, वरच्या भोकातून सुई आत जाईल, हात जाणार नाही. त्यावर तू मार्करने लिहिलं होतंस, "हात घालशील तर हात तोडीन." पाऊण भरला की पक्का बंद करून तपासणीच्या लॅबमध्ये द्यायचा. कचऱ्यात सुई दिसली तर मला जेवण नाही. "कचरा उचलणारीच्या हाताला लागली तर? तिला कोण भरून देणार, तुमची बासुंदी?"

ह्या टोपणामागे काय होतं ते तू मला एकदाच सांगितलंस, मटार सोलता सोलता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट असावी अशी. तू नवीन नर्स होतीस, लग्नाला वर्ष झालं नव्हतं. ज्या प्रसूतिगृहात होतीस तिथल्या डॉक्टरला ट्रे देखणा लागायचा. कुठेही उघडी सुई दिसता कामा नये. पेशंटच्या रक्ताची सुई, एका हातात सुई, एका हातात टोपण, नेम चुकला. तू बोट धुतलंस आणि पुढच्या पेशंटकडे गेलीस, कारण सांगितलं असतं तर वेंधळी म्हणाले असते. पुढे कावीळ झाली. मग कळलं की साधी नाही, हिपॅटायटिस बी. ती रक्तातच राहिली. आणि प्रसूतिगृहाने काय केलं? तुला पेढे देऊन घरी पाठवलं. खरोखर पेढे. निरोप समारंभ होता म्हणे.

"कसे होते पेढे?" मी विचारलं होतं. दुसरं काय विचारणार?

"शिळे," म्हणालीस. आणि मटारचा किडका दाणा वेगळा काढलास.

घरी आलीस तर आमची आई तयारच होती. तुझा कप वेगळा, ताट वेगळं, कपबशीला खूण म्हणून लाल नेलपॉलिशचा ठिपका. तू हात जोडून सांगितलंस, "आई, हा आजार कपातून जात नाही. चहातून, ताटातून, शेजारी बसल्याने जात नाही. रक्तातून जातो. माझं ब्लेड, माझा नेलकटर, माझी सुई, एवढं वेगळं ठेवा." तर ह्या घराने काय केलं माहीत आहे? कप वेगळा ठेवला आणि नेलकटर सगळ्यांचा एकच! खिळ्याला टांगलेला. तूच तो ओढून काढलास, रिकाम्या खिळ्याला तुझा ठिपक्याचा कप टांगलास आणि घरातल्या प्रत्येकाला नवाकोरा नेलकटर आणून दिलास. आईला वाटलं सुनेला वेड लागलं.

मुलाचंही तसंच. घराने ठरवलं, मूल नको. तू म्हणालीस, जन्मल्या जन्मल्या बाळाला लस टोचली की बहुतेक वेळा वाचतं. "बहुतेक म्हणजे?" आई म्हणाली. दादा भिंतीकडे बघत बसला. भिंत बरी होती आमची, रंग नवीन होता. ह्यावर मी कधी विनोद केला नाही आणि आजही करत नाही.

तू मात्र करायचीस. आक्का माहेरी आली की दारात उभी राहून विचारायची, "वहिनी, आता कसं आहे... ते?" एकदा तू गंभीर तोंड करून सांगितलंस, "आता नवीन निघालंय, नजरेतून जातो म्हणे." आक्का त्या दिवशी काळा गॉगल लावून जेवली. पापड समजून लिंबाची फोड चावली. गॉगलचं मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. वाढवतो, पण गॉगल खरा आहे. तू दोन दिवस तिला तशीच ठेवलीस आणि जाताना म्हणालीस, "आक्का, नजरेतून जात असता तर तुम्ही मला जन्मभर बघताय, कधीच गेल्या असतात. लस घ्या, तीन सुया आहेत, माझ्याकडे यायला गॉगल लागणार नाही." आक्काने लस घेतली नाही. आई म्हणाली, "सून आम्हाला टोचून मारणार." दादाने घेतली. आणि मी?

मी पळालो. सुईचं नाव काढलं की मी चप्पल शोधतो. तू मला दवाखान्यात नेलंस तर मी मागच्या दाराने सटकलो, तो थेट बोरिवलीच्या जंगलात. तिथे बिबट्या भेटला. म्हणाला, "काय रे, एवढा का धावतोस?" म्हटलं, "वहिनी येतेय." तोही माझ्याबरोबर धावला.

तू माझ्यामागे आली नाहीस. नुसती म्हणालीस, "ठीक आहे, भावोजी." तुझं "ठीक आहे" कधी ठीक नसायचं हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

कारण त्यानंतर वर्षभराने अंधेरीच्या एका मोठ्या हॉलचं काम मिळालं आणि तू सांगितलंस, "त्यांचा नियम आहे, स्वयंपाक्यांना टायफॉइडच्या तीन सुया घ्याव्या लागतात. नाहीतर ऑर्डर दुसऱ्याला." ऑर्डर जाणार म्हटल्यावर मी वाघ झालो. तीन वेळा गेलो, तीनही वेळा डोळे मिटून असा बोंबललो की बाहेरचे पेशंट बरे होऊन घरी गेले. डॉक्टर काहीतरी समजावत होता, पण माझ्याच आवाजात मला ऐकू कुठे येतंय! तू हात धरून उभी होतीस. परतताना मटण खाऊ घातलंस. मी म्हटलं, बाई सुधारली.

यकृताने तुला सोडलं नाही. गोळ्या आल्या, तू घेतल्यास, पण तोवर आतलं यकृत तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं झालं होतं. शेवटचे महिने माझी ड्यूटी. आणि तुझी शिकवणी. हिरड्यांतून रक्त आलं, नाक वाहिलं, की ग्लोव्हज. सांडलेल्या रक्तावर आधी कागद, कागदावर ब्लीचचं पाणी, थांबायचं, मग पुसायचं. मी लगेच पुसायला गेलो की चमचा. पण एकदा मी ग्लोव्हज घालून तुला चहा दिला, तेव्हा तू तो कप माझ्या अंगावर ओतलास. कोमट होता, नशीब माझं.

"चहाला ग्लोव्हज? मी विंचू आहे? रक्त दिसलं तर घाल. रक्त नसेल तर माणसासारखा हात लाव."

त्या दिवसापासून मी तुझे पाय उघड्या हातांनी चेपायला लागलो. तू म्हणायचीस, "कणीक तिंबताय का?" पण पाय मागे घेतला नाहीस.

आणि एक गोष्ट तू रोज सांगायचीस, देवासमोर म्हणतात तशी. "माझ्यापासून कुणाला गेला नाही. तुमच्या दादांना नाही, आईंना नाही, तुम्हाला नाही. माझ्याकडे आला आणि माझ्याकडेच थांबला." तुझ्याकडे दुसरं मिरवायला काय होतं गं? मूल नाही, नोकरी नाही. एवढा एकच मान.

आणि तो मान मी शेवटच्या सकाळी मोडायला निघालो.

तुला सुई टोचली, काढली, डबा खाटेखाली होता. तेवढ्यात गॅसवर दूध वर आलं. दूध वर येताना पाहिलं की केटररचा जीव जातो. मी धावायला निघालो आणि हाताने, ह्या माझ्या हरामखोर हाताने, जाता जाता टोपण लावलं. नेम चुकला. अंगठ्यात गेली.

आणि मी काय केलं? अंगठा तोंडात घातला.

तुला चार दिवस धड बसता येत नव्हतं. तू उठून बसलीस. "तोंडातून काढ! शिरा पडो तुझ्या तोंडार, चोखतोस काय? नळाखाली धर! साबण लाव! दाबू नको, रक्त पिळू नको, नुसतं धू!" दूध उतू गेलं, गॅस विझला, घरभर करपट वास. मी नळाखाली अंगठा धरून लहान पोरासारखा रडत होतो. "वहिनी, मला होईल काय गं? मी लस नाही घेतली. मी पळालो होतो."

तू माझ्याकडे बघितलंस. खूप वेळ. मग उशीवर पडलीस आणि हसलीस. ते हसू मला आजही समजलेलं नाही. म्हणालीस, "घाबरा आता, भावोजी. जरा नीट घाबरा. त्याशिवाय टोपणाची सवय जायची नाही." आणि लगेच, "पण जा. आत्ताच्या आत्ता. डॉक्टरला सांगा सुई कुणाच्या रक्ताची होती. लपवू नका. मी लपवलं होतं."

शेजारच्या काकूंना तुझ्याजवळ बसवून मी गेलो. डॉक्टर तरुण पोरगी, तिने विचारलं, "काका, हिपॅटायटिसची लस घेतलीय?" मी म्हटलं, "नाही. बिबट्याला विचारा." तिने माझं रक्त घेतलं, एक डोस तिथल्या तिथे टोचला. "रिपोर्ट उद्या सकाळी. त्यावरून पुढचं इंजेक्शन ठरवू." मी बोंबललो नाही. घाबरायला सांगितलं होतंस ना, नीट घाबरलो होतो.

परत आलो तर तू गुंगीत होतीस. डोळे अर्धे उघडून विचारलंस, "रिपोर्ट?"

"उद्या."

"उद्या," म्हणालीस, आणि भिंतीकडे तोंड केलंस. त्यानंतर तू बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी उजाडताना गेलीस.

आठच्या सुमारास माणसं जमली. आक्का टॅक्सी करून आली, दारापासूनच गळा काढला, आणि तुझ्या खाटेपासून दोन हातांवर येऊन थांबली. आंघोळ घालायला बायका हव्या होत्या. आक्का माझ्या कानात म्हणाली, "अरे, ग्लोव्हज आहेत का?"

तुझ्या नाकातून रक्त आलं होतं, वहिनी. मी ग्लोव्हजचा डबा पुढे केला. जन्मात पहिल्यांदा आक्काने योग्य वेळी ग्लोव्हज घातले. तुझं काम फुकट गेलं नाही म्हणायचं.

तिरडी बांधत होते तेव्हा माझा फोन वाजला. डॉक्टर पोरगी. "काका, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

म्हटलं, "बोलतो मी. कशाबद्दल?"

"तुम्ही लस घेतलेली आहे. रक्तात भरपूर संरक्षण आहे. एका रात्रीत येत नाही ते, पूर्ण कोर्स झालाय कधीतरी. आजारही नाही, पूर्वी झालेलाही नाही. काही करायची गरज नाही. आठवा बघू, तीन इंजेक्शनं?"

टायफॉइड.

अंधेरीचा हॉल. मटण.

वहिनी, मी ह्या उपनगरांतला सगळ्यात मोठा थापाड्या. मामाला बासुंदीत बुडवणारा, बिबट्याला पळवणारा. आणि तू मला आयुष्यात एकच थाप मारलीस, तीही तीन हप्त्यांत, आणि मी ती वर्षानुवर्षं अंगात घेऊन फिरत होतो! मी तिरडीजवळ गेलो आणि मोठ्याने ओरडलो, "वहिनी, नाही गं लागला! कुणालाच नाही गेला!" मग तुला शिव्या दिल्या. शिव्या देता देता हसलो. गुरुजी दोन पावलं मागे सरले. आक्का म्हणाली, "गेला हा, डोक्यावर परिणाम झाला." मी तुझ्या पायाला हात लावला, उघड्या हाताने. पुसलेला होता, रक्त नव्हतं, नियमात बसत होतं. थंड झालेली कणीक.

आता मला एवढंच सांग. त्या सकाळी जी हसलीस, ती आठवण ठेवून हसलीस ना? त्या तीन सुया तुझ्या डोक्यात होत्या, मी वाचलेला आहे हे तुला ठाऊक होतं, आणि केवळ मला धडा शिकवायला मला दिवसभर मरणाच्या दारात बसवून ठेवलंस? असेल तर तू राक्षसीण आहेस आणि मी तुला माफ केलं. पण तसं नसेल तर? आजाराने तुझं डोकं गढूळ केलं होतं, कधी कधी मला दादा समजून बोलायचीस. त्या सुया विसरली असशील, तर भिंतीकडे तोंड करून तू काय विचार करत होतीस? की शेवटच्या दिवशी, शेवटच्या सुईने, तुझ्यापासून एकाला गेलाच? रिपोर्ट काही तास आधी आला असता तर काय बिघडत होतं! लॅबवाल्यांना मी लग्नात जेवायला घालणार नाही.

मला ठाऊक नाही. कधी कळणार नाही. मी स्वतःला रोज पहिली गोष्ट सांगतो, राक्षसिणीची. माझ्या गोष्टी मी वाढवून सांगतो, ही मात्र सांगताना आवाज चढत नाही.

आज पाहुणे गेल्यावर खाटेखालून तुझा कॅन काढला. पाऊण भरलेला आहे. सगळ्यात वर ती माझ्या अंगठ्याची सुई, टोपणासकट. धावपळीत हाताने पुन्हा टोपण बसवूनच टाकली होती. ती बाहेर काढली नाही. हात घातला तर हात तोडणार होतीस. कॅनचं मूळचं झाकण तू खिडकीत जपून ठेवलं होतंस, ते आणलं, फिरवून घट्ट बसवलं, वरून चिकटपट्टी मारली. उद्या लॅबमध्ये देतो.

झाकण लावलंय, वहिनी. ओरड आता.